मुक्कामी गाडीचे ताट

कवठदऱ्याची माणसे आता कवठदऱ्यापेक्षा पुण्याच्या वाघोलीत अधिक आहेत. कोणी सोसायटीच्या फाटकावर बसतो, कोणी गोदामात माल उतरवतो, कोणाची मुलगी आयटी कंपनीत लागली आहे. गावात मागे राहिले ते म्हातारे, त्यांची गुरे आणि इतरांच्या दारांवरची कुलपे. बालाघाटाच्या कुशीतले हे गाव माझ्या गावाच्या पलीकडच्या खोऱ्यात येते. मुख्य रस्त्यावरच्या फाट्यापासून आत सात-आठ किलोमीटर, आणि शेवटचा चढ असा की धडधाकट माणसालाही मध्ये टेकावे लागते. त्या रस्त्यावर आता एसटी जात नाही. का जात नाही, असे वाघोलीतल्या कोणाही कवठदरेकराला विचारले तर उत्तर एकच मिळते : "इंदुबाई गेली आणि गाडी गेली."

ह्या वाक्यात खोटे काही नाही. फक्त ते तक्रारीच्या सुरात म्हटले जाते.

इंदुबाई वाघोलीत मुलाकडे, दिग्विजयकडे राहतात. सत्तरी उलटली आहे, खुब्यात सळई आहे आणि जीभ पहिल्यासारखीच फटकळ आहे. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून नगर रस्ता दिसतो. त्यावरून दिवसभर बसगाड्या जातात आणि त्यांतली एकही त्यांच्या कामाची नसते. त्यांचे मागणे वर्षानुवर्षे एकच होते.

"मला माझ्या घरी नेऊन घाल."

"तिथं एकटीला काही झालं तर फाट्यापर्यंत कोण आणणार तुला?" दिग्विजय म्हणे. "गाडी सुरू होऊ दे. त्या दिवशी नेऊन सोडतो, शब्द देतो."

शब्द देताना त्याला काही धोका वाटत नव्हता. गाडी सुरू होणार नाही, हे त्याला माहीत होते.

ती गाडी बंद कशी पडली, ते सांगायला हवे. पूर्वी एसटी संध्याकाळी कवठदऱ्यात येई, शाळेपुढे रात्रभर उभी राही आणि उजाडताच तालुक्याला निघे. तिला मुक्कामी गाडी म्हणत. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपत. त्यांना जेवू घालण्याची जबाबदारी गावाची, आणि त्यासाठी घराघराची पाळी लागलेली असे. पाळीच्या घरी दोघांना माजघरात पाटावर बसवून वाढायचे आणि सकाळी निघताना भाकरी बांधून द्यायची, हा रिवाज. त्याच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी गाडीतली अगदी पुढची जागा त्या घराची. ती जागा मिळावी म्हणून बायका पाळीच्या दिवशी तुपाचा हात सैल सोडत. आसपासच्या चार गावांना मुक्कामी गाडी नव्हती. कवठदऱ्याला होती, ती ह्या ताटामुळे.

एका उन्हाळ्यात आनंद नावाचा नवा कंडक्टर आला. नुकताच नोकरीला लागलेला, बोलायला मऊ. पहिल्याच रात्री कोणीतरी त्याला आडनाव विचारले आणि त्याने ते सांगितले. त्यानंतर गावातल्या घरांना एकाएकी अडचणी येऊ लागल्या. कोणाकडे बाळंतीण होती, कोणाच्या देव्हाऱ्यात नवसाचा घट बसला होता. ड्रायव्हरला मात्र त्याच घरांतून आत बोलावणे येई. आनंदची भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीच्या पायरीवर ठेवली जाई. तो ती उचलून आत, सीटवर बसून खाई. त्याने कोणाकडे तक्रार केली नाही, हे गावाने त्याच्या चांगुलपणाचे लक्षण मानले.

मग इंदुबाईंची पाळी आली. त्यांनी दोघांना माजघरात बसवले आणि घरच्या ताटांत वाढले. इंदुबाई सुधारक वगैरे नव्हत्या. त्यांचे म्हणणे इतकेच होते की गाडीचे ताट म्हणजे दोन माणसांचे ताट, आणि आपल्या पाळीला कमी वाढले असे कोणी म्हणू नये. शिवाय त्यांच्या हातच्या भरल्या वांग्यांचा त्यांना अभिमान होता. आनंदने वांगी पुन्हा मागितली तेव्हा त्या मनापासून खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे माणसे जमली. काय करावे, ह्यावर बराच खल झाला. शेवटी वैजनाथ नावाचा तरुण, नात्याने इंदुबाईंचा चुलत दीर, हसत म्हणाला, "वहिनीला पुळका आलाय ना? मग घालू द्या की वहिनीलाच, रोज."

लोक हसले. त्या हशातच व्यवस्था ठरून गेली. त्या दिवसापासून पाळी फिरायची थांबली आणि इंदुबाईंच्या दारात कायमची बसली.

नवऱ्याने आवाज चढवला नाही. तो शेजारी भावाकडे जेवू लागला. दोन्ही घरांची भिंत एकच होती. पलीकडे भावाची बायको शालन त्याला वाढी. झोपायला तो स्वतःच्या घरी येई. असे तो मरेपर्यंत चालले. त्याच्या ताटात पळी आपटल्याचा आवाज इंदुबाईंना भिंतीच्या अलीकडे ऐकू येई.

आनंदची दोन वर्षांत बदली झाली. नंतरच्या कंडक्टरांपैकी कित्येकांना गावातल्या कुठल्याही घरात पाट मिळाला असता. तरी पाळी इंदुबाईंकडेच राहिली, कारण आपसूक चाललेली सोय मोडण्याची गरज कोणाला वाटली नाही. सारे गाव त्यांच्या भाकरीवर तालुक्याला ये-जा करी. मुले त्याच गाडीने शिकली, बाळंतिणी त्याच गाडीने दवाखान्यात पोचल्या. इंदुबाईंच्या घरचे पाणी मात्र कोणी प्यायले नाही. पुढची जागा रोज त्यांची असे, आणि त्यांना जायचे कुठेच नसे.

त्या जागेवर त्या एकदाच बसल्या. अंगणातल्या पायरीवरून पडून खुब्याचे हाड मोडले, तेव्हा पुण्याहून आलेल्या दिग्विजयने त्यांना सकाळच्या गाडीत आणले. बसल्या कसल्या, आडव्या झाल्या. त्यानंतर एक-दोन रात्री गाडीवाल्यांना कोणीतरी चुरमुरे, कोणीतरी शिळी पोळी पाठवली. पुढे तेही बंद झाले. ड्रायव्हर-कंडक्टर दारोदार हाका मारत फिरले आणि दिवे आतून मालवले गेले. उपाशी माणसांनी डेपोत सांगितले, आणि गाडी फाट्यावरूनच परत फिरू लागली. मग शाळेची मुले गेली, मुलांमागे आया गेल्या, आणि वाघोलीत कवठदरा वाढू लागला.

गेल्या वर्षी तालुक्याच्या डेपोला काही नव्या गाड्या मिळाल्या. डेपोने गावाला निरोप दिला की माणसांच्या राहण्या-जेवणाची नक्की सोय सांगत असाल तर मुक्कामी गाडी पुन्हा पाठवू. निरोप गावातून लगेच वाघोलीला आला, कारण निर्णय आता तिथेच होतात. वैजनाथचे नगर रस्त्यावर फरशांचे आणि नळांचे दुकान आहे, आणि तोच कवठदरा गावकरी मंडळाचा अध्यक्ष आहे. त्याने दुकानातच बैठक बोलावली. माणसे फरशांच्या खोक्यांवर बसली. इंदुबाईंना प्लास्टिकची खुर्ची मिळाली. चहा कागदी कपांतून आला. पुण्यात कागदी कपाने बरेच प्रश्न सोडवले आहेत.

"गाडी आली तर म्हातारी माणसं आपापली दवाखान्यात जातील," एक जण म्हणाला. "दर दुसऱ्या रविवारी मला जावं लागतं बीपीच्या गोळ्या घेऊन. आठवड्याची एक सुट्टी, ती रस्त्यात जाते."

"आणि गेलं की म्हातारी विचारते, आज राहतोस का," दुसरा म्हणाला. पुष्कळ जण हसले. अनुभव सगळ्यांचा होता.

वैजनाथने गल्ल्यामागची आपली खुर्ची इंदुबाईंकडे वळवली. "वहिनी, तुमच्या मनात घरी जायचं आहेच. गाडी सुरू झाली की दिग्विजय सोडेल तुम्हाला. राहिला प्रश्न दोन माणसांच्या जेवणाचा. तर तुम्हाला त्याची सवय आहे."

"सवय जनावरालाबी लागती, भावजी. गावात अजून चुली पेटत्यात की. त्या घरांनी पाळी लावावी."

"म्हातारी माणसं हो ती. त्यांच्यानं नाही व्हायचं."

त्या म्हाताऱ्यांपैकी निम्म्या तरी इंदुबाईंहून वयाने लहान होत्या. हे कोणी काढले नाही. दिग्विजय मोबाइलकडे बघत होता.

इंदुबाईंना घरी जायचे होते, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते शक्य दिसत होते.

"घालते," त्या म्हणाल्या. "मरूस्तवर घालते. पण एक डाव तुमी समदे माझ्या हातचं जेवा. हितंच, दिग्याच्या घरी. मग मी जाते."

वैजनाथ मोठ्याने हसला. "एवढंच? अहो वहिनी, म्हणाल तर दोनदा जेवू. येत्या रविवारी, ठरलं!"

त्या संध्याकाळी इंदुबाईंनी गावी शालनला फोन केला. शालनचे माणूस वारले होते, मुलगा सुरतेला होता.

"शालन, माझ्या चुलीवरचे पत्रे बघ गं. वाऱ्यानं सरकले असतील."

"यायलीस का खरंच? ये माय, ये. बोलायला निस्ती भिंत हाय मला आता."

पुढचे चार दिवस इंदुबाई वेगळ्याच होत्या. सून नम्रता लातूरची, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. तिने सासूला इतके बोलताना कधी ऐकले नव्हते. कोणती भांडी न्यायची, दिग्विजयने आधी जाऊन काय झाडून घ्यायचे, सगळे ठरत होते. शनिवारी त्या नम्रताला घेऊन बसने थेट मंडईत गेल्या, कारण वाघोलीची वांगी त्यांना पसंत नव्हती. तिथे एका गाळ्यावर त्या एकेक वांगे उचलून, देठ दाबून, उन्हाकडे धरून बघत राहिल्या. गाळेवाल्याने बराच वेळ सहन केले.

"आजी, वांगी विकत घ्यायची आहेत की दत्तक?"

"पाहुणे यायलेत माझ्याकडं," इंदुबाई म्हणाल्या. त्यांना टोमणा कळला नाही, किंवा त्या दिवशी लागला नाही.

रविवारी त्या पहाटेच उठल्या. येसर मसाल्याची आमटी, भरली वांगी, गव्हाची खीर, शेंगदाण्याची चटणी, आणि भाकरीची चळत झाकून. नम्रता भाकरी थापायला बसली तर तिला उठवले. भाकरी माझ्याच हातची पाहिजे, म्हणाल्या. दुपारी मंडळी आली. पंधराएक जण असतील, सगळी जोडप्याने, आणि त्यांत शेफाली नावाची एकीची मुलगी, वाघोलीतच वाढलेली, आयटीत नोकरी करणारी. चपला दाराबाहेर ओळीने निघाल्या. सगळे भारतीय बैठकीवर बसले, इंदुबाईंच्या तब्येतीची चौकशी झाली. त्या ताटे मांडायला उठणार, तेवढ्यात दाराची बेल वाजली.

बाहेर हॉटेलचा माणूस होता. दोन्ही हातांत पिशव्या.

"वैजनाथ सर? वीस थाळी."

"आण, आण. इथे ठेव." वैजनाथ उठून पिशव्या सोडू लागला.

"हे काय, भावजी?"

"अहो वहिनी, तुमचं वय काय, तुमची कंबर काय. तुम्हाला शेगडीपुढं उभं करून आम्ही हादडायचं? आम्हाला काही काळीज आहे की नाही?"

"झालाय की स्वयंपाक. समदा झालाय."

"असू द्या. दिग्विजयला उद्या डब्याला होईल."

झाकणे उघडली गेली. पनीर, जिरा राइस, एकेक गुलाबजाम. सगळ्यांनी मान खाली घालून, अगदी मनापासून जेवायला सुरुवात केली. वैजनाथने एक थाळी इंदुबाईंपुढेही ठेवली. दिग्विजयने आपली घेतली. त्याने आईकडे पाहिले नाही, पण सावकाश जेवला.

"काका, एक घास तरी," नम्रता पातेले घेऊन पुढे आली.

"पोट भरलं गं पोरी. बघ, हेच संपत नाही."

शेफालीने मात्र मान उंचावली. "वॉव, भरलं वांगं? आय लव्ह भरलं वांगं! काकू, मला द्या ना."

तिची आई तिच्या मनगटाला धरून होती. "बस खाली. तुला वांग्याची अ‍ॅलर्जी आहे."

"मला? कधीपासून?"

"आजपासून."

कोणीतरी खोकल्यासारखे हसले. शेफालीला काही कळले नाही. तिने मनगट सोडवून घेतले आणि पुन्हा पनीरकडे वळली. इंदुबाई पुढ्यातल्या बंद थाळीकडे बघत बसल्या होत्या.

हात धुऊन झाल्यावर वैजनाथने मोबाइल काढला. डेपोतल्या साहेबांशी आधीच बोलणे झाले होते, फक्त नाव कळवायचे बाकी होते. त्याने सगळ्यांना ऐकू जावे म्हणून स्पीकर लावला.

"बोला अध्यक्ष. जेवणाचं पक्कं झालं का?" पलीकडून आवाज आला. "मागच्या वेळी आमची माणसं पाणी पिऊन झोपली होती, म्हणून विचारतो. नक्की कोणाकडे?"

"इंदुबाईंकडे, साहेब. जुन्या, अनुभवी आहेत. समोरच बसल्यात, त्यांच्याच तोंडून ऐका." त्याने मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

दिग्विजयने आता प्रथमच वर पाहिले. आपली आई उद्या-परवा गावी जाणार, असे त्याच्या मनाने धरले होते. नम्रताने तर लुगड्यांचे गाठोडेही बांधून ठेवले होते.

"साहेब," त्या म्हणाल्या, "माझ्याकडं नाही."

"काय म्हणालात?"

"जेवण माझ्याकडं नाही. हितं कवठदऱ्याची पंधरा माणसं बसल्यात. त्यांना इचारा कुणाकडं हाय ते."

"अहो, मग कोणाचं नाव धरू? हॅलो? अध्यक्ष?"

अध्यक्षांनी खोलीभर पाहिले. कोणी रुमालाने तोंड पुसत होते, कोणी चपलांच्या दिशेने बघत होते. कोणाच्या आईचे, कोणाच्या बापाचे घर गावात उघडे होते, आणि तिथे चूलही पेटत होती. एक नाव सांगितले असते तरी गाडी आली असती. फोनमध्ये पंख्याचा आवाज येत राहिला.

"ठरलं की कळवा," साहेब म्हणाले. "पण गाडी फार दिवस राखून नाही ठेवता येणार. दुसऱ्या गावांचीही मागणी आहे."

फोन बंद झाला. वैजनाथने तो खिशात घातला. आतापर्यंत त्याने इंदुबाईंना एकदाही अरे-तुरे केले नव्हते.

"दुसऱ्यांदा गाडी घालवलीस तू," तो म्हणाला. "एका जेवणापायी. आमच्या आई-बापांचे तळतळाट घेशील."

मंडळी उठली. जाताना एकीने नम्रताला रिकाम्या थाळ्या कुठे टाकायच्या ते विचारले.

"आई, तुलाच जायचं होतं ना?" सगळे गेल्यावर दिग्विजय म्हणाला.

"व्हय."

"मग आता कशी जाणार?"

"न्हाई जाणार."

त्याला राग आला, आणि थोडे सुटल्यासारखेही वाटले. राग दाखवणे सोपे होते, म्हणून तो आपटत खोलीत गेला. इंदुबाईंनी त्या दिवशी आपल्या हातची भाकरी खाल्ली नाही. भूक मेली, म्हणाल्या. फ्रिजमध्ये मावले तेवढे नम्रताने ठेवले. उरलेले दुसऱ्या दिवशी आंबले आणि सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात गेले. त्यावर फलकावर एक सूचना लागली : "घरगुती समारंभांचे उरलेले अन्न येथे ओतू नये. समारंभासाठी हॉल उपलब्ध आहे."

नवी गाडी शेजारच्या खोऱ्यात, दुसऱ्याच गावाला गेली. वाघोलीत मंडळाची आणखी एक बैठक झाली, तीत इंदुबाईंच्या वागण्याबद्दल खेद नोंदवण्यात आला. पाळीचा विषय निघाला नाही. दिग्विजयनेही गावचे घर आता राखून काय करायचे, म्हणून त्याचे दगड देवळाच्या आवाराच्या भिंतीसाठी देऊन टाकले. आईला त्याने हे नंतर सांगितले. घर उतरवताना मधली भिंत तेवढी ठेवावी लागली, कारण ती शालनचीही होती.

काही दिवसांनी शालनचा फोन आला. त्यात काय बोलणे झाले, हे पुढे शालनबाईंनीच येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, रडत, आणि आपले काय चुकले असे विचारत. म्हणून ते कळले.

"इंदे, गाडी यायची होती म्हणं."

"यायची होती."

"मग तू नको का म्हणलीस गं? माझ्या गोळ्या संपल्यात. फाट्यापर्यंत चालायचं म्हणलं की छातीत कळ येती. दोन माणसाचं काय जड होतं तुला? जल्मभर घातलंस की."

"तू घाल. अजूनबी डेपोत सांगता यील. तुझं नाव सांगू का?"



"माझ्याच्यानं कसं व्हईल, माय? आन कोण येतंय, कुण्या जातीचं येतंय, आपल्याला काय म्हाईत. तुझं येगळं. तुला सवय हाय."

"माझ्या मालकाला वाढलंस ना इतकी वर्सं, भिंतीपलीकडं? तवा झालं की तुझ्याच्यानं."

"ते घरचं माणूस व्हतं."

"बरं," इंदुबाई म्हणाल्या. "मग चालत जा."

आणि त्यांनी फोन ठेवला.